नोकरी नाकारली, कारण सांगितले नाही : भेदभावाचा संशय आला तर काय करावे?

लेखी परीक्षा पार पडली. तांत्रिक फेरीही चांगली गेली. शेवटच्या फेरीत समोरच्याने बायोडाटावरून नजर वर करून विचारले, "कांबळे म्हणजे नेमके कुठले?" त्यानंतर पाच मिनिटांत मुलाखत संपली. "कळवतो" म्हणाले, कळवले मात्र नाही. अशा अनुभवातून गेलेले तरुण-तरुणी आपल्या कोणत्याही वस्तीत, कोणत्याही अभ्यासिकेत भेटतील.

पुढे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर उमेदवार स्वतःलाच दोष देतो. आपले इंग्रजी कच्चे, आपणच कमी पडलो, असे म्हणून गप्प बसतो. नाहीतर रात्री संतापाने कंपनीचे नाव घेऊन समाजमाध्यमावर पोस्ट टाकतो. दोन दिवस चर्चा होते, तिसऱ्या दिवशी हातात काहीच उरत नाही. उलट अब्रुनुकसानीच्या नोटिशीची टांगती तलवार राहते. दोन्ही वाटांनी नुकसान आपलेच होते.

या लेखाचे म्हणणे साधे आहे. संशय येण्यात काही चूक नाही, पण तो तपासायचा असतो, त्याची नोंद करायची असते आणि मग योग्य दारात न्यायचा असतो. एका नकारातून भेदभाव सहसा सिद्ध होत नाही. नोंदी व्यवस्थित असतील आणि त्या अनेकांच्या असतील, तर मात्र समोरच्याला उत्तर द्यावे लागते.

हा संशय येतो कुठून?

"आता कुठे जात राहिली आहे, कंपन्या फक्त गुणवत्ता बघतात," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्याचे उत्तर भावनेने देण्याची गरज नाही, इतिहास आणि अभ्यास दोन्ही उपलब्ध आहेत.

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणकाम खाते हे जास्त मजुरीचे खाते होते. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतले जात नसे. कारण असे सांगितले जाई की धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतर कामगार वापरणार नाहीत. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न संप समितीपुढे मांडला. विणकाम खात्याचे दार उघडावे, ही मागणी त्यांनी लावून धरली. लक्षात घ्या, तिथे कुणी "अस्पृश्य कामात कच्चे आहेत" असे म्हणत नव्हते. कारण तांत्रिक दिसेल असे मांडले होते, परिणाम मात्र जातीचा होता.

आता अलीकडचे बघू. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिराती गोळा केल्या. ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखा ठेवला, बदलले फक्त नाव. एका अर्जावर सवर्ण हिंदू नाव, दुसऱ्यावर दलित नाव, तिसऱ्यावर मुस्लिम नाव. सवर्ण नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची जी शक्यता होती, तिच्या साधारण दोन तृतीयांश दलित नावाला आणि साधारण एक तृतीयांश मुस्लिम नावाला मिळाली. हे सगळे मुलाखतीच्या आधीचे आहे. उमेदवाराचा चेहरा, इंग्रजी, आत्मविश्वास यांपैकी काहीही अजून कुणी पाहिलेले नव्हते.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यासही प्रसिद्ध झाला. जात मानतो असे त्या अधिकाऱ्यांचे म्हणणे नव्हते, ते गुणवत्तेची भाषा बोलत होते. पण उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' पाहणे मात्र त्यांना अगदी योग्य वाटत होते. घरातले वातावरण, वडिलांचे शिक्षण, कुठल्या भागात वाढला, हे प्रश्न त्यांच्या मते माणूस ओळखण्याचे साधन होते. पहिल्या पिढीत शिकलेल्या उमेदवाराच्या बाबतीत हेच प्रश्न चाळणीचे काम करतात.

सगळे अभ्यास एकच गोष्ट सांगत नाहीत, हेही माहीत असू द्या. दिल्ली परिसरातील सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटर नोकऱ्यांविषयीचा एक अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र आढळला, तो ओबीसी नावांबाबत जास्त आणि अनुसूचित जातींच्या नावांबाबत कमी. म्हणजे भेदभाव सर्वत्र सारखा नाही. जिथे कौशल्य सहज मोजता येते तिथे तो कमी असू शकतो, आणि 'व्यक्तिमत्त्व', 'आमच्या टीममध्ये बसेल का' असे निकष लागतात तिथे त्याला जागा मिळते. म्हणूनच प्रत्येक नकार जातीमुळेच आला असे धरता येत नाही, आणि एकही आला नसेल असेही म्हणता येत नाही.

आधी स्वतःला विचारायचे चार प्रश्न

भेदभाव करणारा मालक कारण तोंडाने सांगत नाही. मग तो ओळखायचा कसा? हाच पेच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपुढे होता. तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने खाजगी नोकरीतील वंशभेदालाही बंदी घातली. पुढे १९७३ मध्ये 'मॅक्डोनेल डग्लस विरुद्ध ग्रीन' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तपासाची एक पद्धत घालून दिली. उमेदवार वंचित गटातील आहे, तो त्या कामासाठी पात्र होता, तरी त्याला नाकारले, आणि नंतरही मालक तशाच पात्रतेच्या माणसाचा शोध घेत राहिला, एवढे दाखवले की कारण सांगण्याची जबाबदारी मालकावर येते. मालकाने सांगितलेले कारण खोटे आहे, हे दाखवण्याची संधी मग उमेदवाराला मिळते.

आपल्याकडे खाजगी भरतीसाठी असा कायदा नाही, त्याविषयी पुढे बोलू. पण विचार करण्याची ही रीत आपल्याला उपयोगी आहे. नकार आला की शांतपणे कागद घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहा.

पहिला प्रश्न : जाहिरातीतील प्रत्येक अट मी पूर्ण करत होतो का? पदवी, अनुभवाची वर्षे, संगणकाचे ज्ञान, वयोमर्यादा, एकेक अट तपासा.

दुसरा प्रश्न : माझी जात किंवा मी बौद्ध असल्याचे समोरच्याला कळले होते का, आणि कशावरून? आडनाव, 'सिद्धार्थनगर' किंवा 'भीमनगर' असा पत्ता, बार्टीच्या प्रशिक्षणाचा उल्लेख, शिष्यवृत्तीचे नाव, की थेट प्रश्न? कळल्यावर वागण्यात बदल झाला का?

तिसरा प्रश्न : त्या जागेचे पुढे काय झाले? तीच जाहिरात पुन्हा आली का? नेमलेल्या व्यक्तीची पात्रता काय आहे?

चौथा प्रश्न : मला सांगितलेले कारण टिकते का? फोनवर एक आणि ई-मेलमध्ये दुसरे असे कारण बदलले का? अनुभव कमी असल्याचे सांगून आपल्याहून कमी अनुभवाचा माणूस घेतला का?

उत्तरे लिहिताना दुसऱ्या शक्यताही प्रामाणिकपणे मांडा. कधी जागाच रद्द होते. कधी पगाराची अपेक्षा जुळत नाही. सरकारी भरतीत तर जातीच्या दाखल्याचा नमुना चुकणे, नावातील तफावत, मुदतीनंतरचे प्रमाणपत्र अशा कारणांनी अर्ज बाद होतात. ते दुरुस्त करता येते आणि त्याचा उपाय वेगळा असतो. खाजगी कंपन्यांत अनेक जागा ओळखीतून, म्हणजे 'रेफरल'ने भरल्या जातात. तिथे तुम्हाला कुणी मुद्दाम डावललेले नसते. पण ज्यांचे काका-मामा आधीपासून आत आहेत त्यांनाच दार दिसते, आणि आपली पहिली पिढी बाहेर राहते. हाही अन्यायच आहे, मात्र त्याविरुद्ध एका अधिकाऱ्यावर तक्रार करून उपयोग होत नाही. त्यासाठी आपले स्वतःचे ओळखीचे जाळे उभे करावे लागते.

मुलाखतीतले खटकणारे प्रश्न

"मूळ गाव कुठले?" हा प्रश्न गप्पांचाही असू शकतो. पण त्यामागून "तुमच्यात लग्न कसे लागते?", "कुलदैवत कोणते?", "घरी नॉनव्हेज चालते का?", "आडनाव आधीपासून हेच का?" असे प्रश्न आले, तर ते कामाविषयी नाहीत. महाराष्ट्रात गायकवाड, जाधव, सोनवणे अशी आडनावे अनेक जातींत आहेत. आडनावावरून नक्की कळत नाही, म्हणून अशी आडवळणाची चौकशी होते.

उत्तर देताना भांडण्याची किंवा खोटे बोलण्याची गरज नाही. "सर, या पदाच्या कामाशी याचा संबंध समजला तर मी नीट सांगू शकेन," एवढे शांतपणे म्हणता येते. थेट विचारले तर "आम्ही बौद्ध आहोत," असे सांगून पुढच्या प्रश्नाची वाट पाहता येते. काही तरुण बायोडाटातून वस्तीचे नाव किंवा संस्थेचे काम काढून टाकतात. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे आणि पोटासाठी तो घेणाऱ्याला कुणी नावे ठेवू नयेत. बायोडाटात धर्म आणि जात लिहिणे मुळातच गरजेचे नाही.

एक फरक मात्र समजून घ्या. काही कंपन्या सर्व उमेदवारांकडून एकाच फॉर्ममध्ये प्रवर्ग विचारतात, कारण त्यांना वंचित घटकांतील भरतीची आकडेवारी ठेवायची असते. सगळ्यांना लेखी विचारलेली माहिती आणि फक्त तुम्हाला तोंडी विचारलेला प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारी आणि अनुदानित संस्था : इथे दार उघडते

सरकारी नोकरीत राज्यघटनेचे कलम १६ थेट लागू होते. धर्म, जात, वंश, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून शासकीय नोकरीत भेदभाव करता येत नाही. महाराष्ट्रात २००१ च्या आरक्षण कायद्यानुसार अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा राखीव आहेत. इथे आपले पहिले हत्यार माहितीचा अधिकार कायदा, २००५ हे आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील.

अर्जात "मला का घेतले नाही?" असे विचारू नका, कारण 'का' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. कागद मागा. स्वतःचे लेखी आणि मुलाखतीचे गुण, प्रवर्गनिहाय शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण, मुलाखतीचे ठरलेले निकष, त्या पदाची बिंदुनामावली, अनुशेषाची स्थिती. 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा मारून राखीव जागा रिकामी ठेवली असेल, तर अनुसूचित जातीच्या किती उमेदवारांना बोलावले होते आणि कोणत्या निकषावर सगळे अपात्र ठरले, याचा कागद मागा. अनुदानित शाळा-महाविद्यालयांनाही हा कायदा लागू होतो. त्यांची बिंदुनामावली विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासली जाते, त्यामुळे तिथेही अर्ज करता येतो.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. राखीव प्रवर्गातील उमेदवाराने कोणतीही सवलत न घेता खुल्या गटाच्या गुणांवर जागा मिळवली, तर त्याची गणना खुल्या जागेत व्हायला हवी. इंद्रा साहनी निकालापासून (१९९२) ही भूमिका आहे आणि सौरव यादव प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा स्पष्ट केली. असा उमेदवार राखीव जागेवर दाखवला, तर आपल्यातल्याच दुसऱ्या कुणाची तरी जागा जाते.

मुलाखतीत मनमानीला वाव असतो, हे सरकारनेही मान्य केले आहे. केंद्र सरकारने गट 'ब' (अराजपत्रित) आणि गट 'क'च्या पदांसाठी मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. ज्या पदांना अजून मुलाखत आहे, तिथे लेखी परीक्षेत वरचे आणि मुलाखतीत सातत्याने खालचे गुण हा नमुना दिसतो का, हे पाहण्यासारखे असते.

कागद हातात आल्यावर दाद मागायची कुठे? राज्य शासनाच्या सेवांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहे. केंद्राच्या सेवांसाठी कॅट आहे. साधारणपणे एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून आरटीआयची वाट पाहण्यात वर्ष घालवू नका. सरकारी बँका, जिल्हा परिषदा यांच्याबाबत सामान्यतः उच्च न्यायालयात जावे लागते. घटनेच्या कलम ३३८ खालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला कागदपत्रे आणि अधिकारी बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, त्याचे कार्यालय पुण्यातही आहे. आयोग शिफारस करू शकतो, न्यायालयासारखी मनाई देऊ शकत नाही. पण आयोगाची नोटीस आली की दाबून ठेवलेल्या फाइली हलतात.

खाजगी क्षेत्र : कायद्यातली मोठी पोकळी

कलम १६ खाजगी कंपनीला लागू होत नाही. दिव्यांग, एचआयव्हीबाधित, तृतीयपंथी व्यक्ती यांच्यासाठी नोकरीतील भेदभाव रोखणारे कायदे झाले. जातीच्या बाबतीत खाजगी भरतीसाठी असा सर्वंकष कायदा आजही नाही. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खाजगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही.

ही पोकळी बाबासाहेबांनी फार आधी ओळखली होती. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी स्पष्ट मागणी केली होती. सरकारी अधिकाऱ्यांनी केलेला भेदभाव जसा गुन्हा, तसाच कारखाने आणि व्यापारी संस्थांमधील खाजगी मालकांनी केलेला भेदभावही गुन्हा ठरावा आणि अशा प्रकरणांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे. ही मागणी आजही अपुरी आहे. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाबद्दल आपण बोलतो तेव्हा तिच्यासोबत ही मागणीही घेतली पाहिजे.

तोपर्यंत हातात काय आहे? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चे कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरी-व्यवसायात आडकाठी करणे हा गुन्हा ठरवते. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नसल्याचे आरोपीला दाखवावे लागते. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यात इतरांना खुल्या असलेल्या व्यवसाय-नोकरीपासून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला रोखणे हा गुन्हा म्हणून आला. शिवाय लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान केला, जातिवाचक बोलले, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे.

मर्यादाही जाणून घ्या. बंद खोलीत फक्त दोघेच असताना झालेला अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' या अटीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटले आहे. म्हणून मुलाखतीत आणखी कोण कोण हजर होते, याची नोंद महत्त्वाची ठरते. केवळ "घेतले नाही" एवढ्यावर ही कलमे टिकणे अवघड आहे. जातीचा उल्लेख, साक्षीदार किंवा लेखी पुरावा असेल, तरच गुन्हा नोंदवण्याचा विचार करा. निव्वळ संशयावर दाखल केलेली आणि पुढे कोसळलेली केस उद्याच्या खऱ्या पीडिताची वाट अवघड करते. पुरावा असेल तर मात्र मागे हटू नका. २०१८ च्या दुरुस्तीनुसार अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

एक शंका आपल्या तरुणांना नेहमी येते : आपण बौद्ध आहोत, मग अनुसूचित जातीचे संरक्षण मिळते का? मिळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींनाही केंद्राच्या अनुसूचित जाती आदेशात स्थान मिळाले. त्यासाठी मूळ जातीचा उल्लेख असलेला योग्य नमुन्यातला दाखला तयार ठेवा आणि सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे का ते तपासा.

गुन्ह्याच्या पातळीखाली आणखी एक वाट आहे. २००६ नंतर सीआयआय आणि असोचॅम या उद्योग संघटनांनी वंचित घटकांसाठी स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे समान संधीचे धोरण आणि तक्रारीसाठी नैतिकता कक्ष असतो. शेअर बाजारातील पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार दरवर्षी बीआरएसआर हा अहवाल द्यावा लागतो आणि त्यात कर्मचाऱ्यांकडून आलेल्या भेदभावाच्या तक्रारींचा आकडाही असतो. उमेदवाराची तक्रार त्या आकड्यात मोजली जाईलच असे नाही. पण कंपनीनेच लिहिलेले धोरण तिच्यासमोर ठेवून प्रश्न विचारता येतो, आणि अशा लेखी प्रश्नाला मोठी कंपनी सहज टाळत नाही.

नोंद कशी ठेवायची?

नोंद नकार आल्यावर नव्हे, अर्ज करताना सुरू करा. जाहिरात नंतर काढून टाकली जाते.

१. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तारखेसह.
२. पाठवलेला बायोडाटा जसाच्या तसा आणि अर्जाची पोच.
३. सर्व ई-मेल आणि व्हॉट्सअॅप संदेश. काहीही डिलीट करू नका.
४. मुलाखतीची तारीख, वेळ, ठिकाण, हजर असलेल्यांची नावे किंवा पदे.
५. खटकलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून. लिहिलेले स्वतःलाच ई-मेल करून ठेवा, म्हणजे तारीख आपोआप राहते.
६. बाहेर पडल्यावर ज्या मित्राला किंवा घरच्यांना सांगितले, त्यांचे नाव.
७. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तीच जाहिरात पुन्हा आली का, याची नोंद.

ध्वनिमुद्रण असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते आणि मूळ उपकरण गेले की अडचण होते.

मग लेखी विचारा. भाषा साधी ठेवा, आरोप करू नका. उदाहरणार्थ : "दिनांक अमुक रोजी अमुक पदासाठी माझी मुलाखत झाली. माझी निवड न झाल्याची कारणे आणि माझे मूल्यमापन कळवावे, ही विनंती. मुलाखतीत माझ्या जातीविषयी प्रश्न विचारण्यात आला होता. त्याचा या पदाच्या कामाशी असलेला संबंधही कृपया कळवावा." उत्तर आले तर तो कागद झाला. उत्तर आले नाही तरी तुम्ही त्याच आठवड्यात हरकत घेतली होती, हे नोंदीत राहते. सहा महिन्यांनी आठवून केलेल्या तक्रारीपेक्षा या चार ओळींचे वजन जास्त असते.

एकट्याचा संशय, अनेकांची नोंद

थोरात-अॅटवेल अभ्यासातली खरी शिकवण इथे आहे. ४,८०८ अर्जांपैकी कुठलाही एक नकार उचलून "हा जातीमुळेच" असे त्यांनाही म्हणता आले नसते. सगळे अर्ज एकत्र मांडले तेव्हा चित्र दिसले. आपल्यापैकी प्रत्येक जण आपला एक नकार उरात घेऊन फिरतो, म्हणून तो नमुना कुणालाच दिसत नाही.

हे काम कार्यकर्ते करू शकतात. विहारात किंवा अभ्यासिकेत एक साधी नोंदवही ठेवा : पद, कंपनी, तारीख, पात्रता, कोणत्या फेरीत नाकारले, काय विचारले, काय कारण दिले. नावे गोपनीय ठेवा, वही एका जबाबदार व्यक्तीकडेच असू द्या. एकाच महाविद्यालयातील एकाच बॅचचे सर्व विद्यार्थी कॅम्पस मुलाखतीला बसले असतील, तर तुलना आणखी सोपी होते. लेखी फेरीत आपले किती उत्तीर्ण झाले, शेवटच्या फेरीत किती उरले? एकाच ठिकाणाहून पाच-सहा जणांच्या सारख्या नोंदी आल्या, तर प्राचार्यांकडे, प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे, कंपनीच्या मुख्यालयाकडे सामूहिक पत्र देता येते. त्यात एका मुलाला पुढे करून त्याचे करिअर पणाला लावावे लागत नाही. आणि नोंदवहीत काहीच नमुना दिसला नाही, उलट सगळेच इंग्रजी संभाषणाच्या फेरीत अडकलेले दिसले, तर तेही उपयोगाचे आहे. मग पुढच्या महिन्यात सराव मुलाखतींचा वर्ग सुरू करा.

आधीच नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या बंधू-भगिनींनाही यात काम आहे. आपल्या कंपनीत जागा निघाली की सांगणे, एखाद्याचा बायोडाटा नीट करून देणे, निवड मंडळावर बसलेले असाल तर सगळ्या उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारण्याचा आग्रह धरणे. या शेवटच्या गोष्टीने गावाच्या आणि आडनावाच्या चौकशीला आपोआप आळा बसतो.

कायदेशीर मदतीसाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे आणि १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये साठवा.

शेवटी, ज्याला नुकताच नकार आला आहे त्याच्यासाठी. एका कंपनीचे मत म्हणजे तुमच्या पात्रतेचा निकाल नव्हे. आज घडलेले लिहून ठेवा, कुणाला तरी सांगा, आणि पुढचा अर्ज थांबवू नका. तक्रार आणि तयारी एकाच वेळी चालू शकतात.

जय भीम!